भोकं पाडण्याआधीचं पिंप

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना घरी बोलावलं की पाणी द्यायचं नाही, हे मी फार लवकर शिकले. पेला हातात आला की ते तो आधी खिडकीच्या उजेडात धरत. मग जरा तिरका करत, तळ बघत, नाकाशी नेत आणि "ठीक आहे जी" असं म्हणून मग पीत. तोवर घरच्या बाईचा चेहरा पडलेला असे. पहिल्या खेपेला मी दोनदा पेला बदलून आणला. दुसऱ्या खेपेला आमचे हे स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, "त्यांना चहाच दे. चहातून पलीकडचं दिसत नाही."

शाळा सुरतेतल्या उधन्यातली, मराठी माध्यमाची. मी मराठी शिकवत असे, ते विज्ञान. पोरं बहुतेक लूमवर काम करणाऱ्यांची, खानदेशातून आलेल्यांची, काही मराठवाड्यातली. ती घरी एक भाषा बोलत, रस्त्यावर हिंदी, दुकानात गुजराती आणि माझ्या तासाला झोपत. सरांच्या तासाला मात्र कुणी झोपत नसे. झोपलेल्याच्या डोक्यावर पाण्याचा पेला उलटा धरायची त्यांची पद्धत होती. पेल्याच्या तोंडावर पुठ्ठा असे आणि तो पडत नसे, पण हे झोपलेल्याला ठाऊक नसे.

सर मूळचे अकोल्याकडचे. तिकडचं 'जी' त्यांनी सुरतेत आणलं होतं आणि ते सगळ्यांना सारखंच वाटून देत. मुख्याध्यापकांना जी, रिक्षावाल्याला जी, सहावीतल्या पोरांनाही जी. "ग्लास उलटा करा जी. घाबरू नका. पडलं तर पाणीच पडेल."

पुस्तकात पाण्याचा धडा एकच होता. सरांनी तो जूनमध्ये सुरू केला की दिवाळी येई. पुढे प्रकाशाचा धडा आला की ते पाण्यात पेन्सिल बुडवून ती मोडलेली दाखवत. ध्वनीला पाणी भरलेले पेले चमच्याने वाजवत. उष्णतेला पाणी उकळत. वनस्पतींना पांढरं फूल शाईच्या पाण्यात ठेवून ते निळं करून दाखवत. विजेचा धडा तेवढा मुख्याध्यापक स्वतः शिकवत.

'पाणी रंगहीन, चवहीन व गंधहीन असते' हे वाक्य पोरांना पाठ करावं लागे. सर ते फळ्यावर स्वच्छ अक्षरात लिहीत आणि खाली कंसात लिहीत, 'उधना सोडून'. एका हुशार मुलीने हे परीक्षेत लिहिलं. सरांनी तिला पूर्ण गुण दिले. वरून आलेल्या तपासनीसांनी ते कापले. त्यावर सर म्हणाले, "त्यांनी बाटलीतलं पाणी प्यायलं असेल जी."

हेच तपासनीस एकदा वर्ग बघायला आले होते. गुजराती गृहस्थ, पांढरा शुभ्र सफारी, स्वभावाने वाईट नव्हेत. सरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, पेला काठोकाठ भरला, वर पुठ्ठा ठेवला आणि पेला त्यांच्या डोक्यावर उलटा धरला. पुठ्ठा टिकला. पोरं श्वास रोखून बसली होती. सर हवेचा दाब समजावून सांगू लागले. सगळं व्यवस्थित चाललं होतं, पण डोक्यावर नक्की काय चाललंय ते बघायला तपासनीसांनी मान वर केली आणि त्यांचं कपाळ पुठ्ठ्याला लागलं. त्यानंतर ते बराच वेळ पंख्याखाली उभे होते. जाताना म्हणाले, "प्रयोग सरस छे. पण मारा पर नहीं करवानो." सरांनी विनयाने मान डोलावली. पोरांना मात्र त्यांनी सांगितलं की निष्कर्ष बरोबर होता, अडथळा बाहेरून आला.

सोमवारी पोरं घरचं पाणी बाटलीतून आणत. सर त्या बाटल्या खिडकीत ओळीने मांडत, प्रत्येकीत साबणाचा चुरा घालत आणि पोरांकडून हलवून घेत. ज्या पाण्यात क्षार जास्त, त्याला फेस कमी. एवढंच दाखवायचं होतं. पण फेस आला म्हटल्यावर पोरांनी त्याची शर्यत केली. कुठल्या चाळीचा फेस उंच, कुठल्या गल्लीचा बसका, यावर मधल्या सुट्टीत मारामाऱ्या व्हायला लागल्या. एका पोराने घरून पैसे मागून दुकानातली सीलबंद बाटली आणली आणि पहिला नंबर मिळवला. त्याची चोरी पकडली गेली तेव्हा सर त्याच्यावर रागावले नाहीत. "तुलना म्हणून ठेवा जी ती," म्हणाले. पण एका आईने शाळेत येऊन मुख्याध्यापकांना विचारलं, की आमच्या बोअरला फेस येत नाही हे सगळ्या वर्गाला सांगायची गरज काय होती? घरात सोयरीक चाललीय.

मला या माणसाचं कौतुक होतं असं वाटत असेल तर तसं नाही. मला त्यांचा वैताग यायचा. माझा तास त्यांच्या तासानंतर असे, आणि मी कविता शिकवायला उभी राही ती ओल्या फरशीवर. शिवाय त्यांना कधीच काही अंदाजे म्हणता येत नसे. "पाऊस येईल असं वाटतं" म्हटलं की ते "कशावरून जी?" विचारत. पोरांना आवडत, ते ठीक आहे. पोरांना वर्गात पाणी सांडणारा कुणीही आवडला असता.

शाळेत झाडलोट आणि पाणी भरायला एक बाई होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. नवरा फार पूर्वी गेलेला, एकच मुलगी. ती आमच्याच शाळेत शिकली, पुढे साड्यांवर स्टोन चिकटवायच्या कामाला लागली. तिचं एक लग्न ठरून मोडलं होतं. कारण काही धड नव्हतं, मुलाकडच्या कुणाला तरी कसलंसं स्वप्न पडलं होतं. त्यानंतर दोन वर्षं मावशींनी कुणाकडे विषय काढला नाही. मग कोसाडच्या वसाहतीतलं एक स्थळ आलं. मुलगा मार्केटमधला कापडाचा टेम्पो चालवायचा, गुटखाही खात नव्हता. लग्न ठरलं तेव्हा मावशी मला म्हणाल्या, "मॅडम, आते मोडनं ते मी उधनामा तोंड दखाडाव नही." त्या हसत म्हणाल्या, पण मला ते हसणं बघवलं नाही.

आता पिंपाचं सांगते. उधन्यात भंगारवाल्याकडे निळी प्लॅस्टिकची पिंपं मिळतात, मिलमधून रिकामी होऊन आलेली. घरोघरी पाणी त्यातच साठवतात. आत आधी काय होतं ते कुणी विचारत नाही. धुवायचं आणि भरायचं. सरांनी असं एक मोठं पिंप शाळेत आणलं होतं, पाण्याचा दाब दाखवायला. अंगाला वर, मध्ये आणि खाली अशी भोकं पाडायची आणि पिंप भरायचं, म्हणजे सगळ्यात खालची धार सगळ्यात लांब उडते. हे बाटलीतही दाखवता येतं, पण सरांचं म्हणणं, पोरं भिजली पाहिजेत. भोकांच्या जागा त्यांनी खडूने आखून ठेवल्या होत्या.

मावशी म्हणाल्या, "सर, भोके लगननंतर पाडा. तवपर्यंत डरम माले द्या. भांडा घासाले पानी भरी ठेवसू."

सरांनी लगेच कबूल केलं. पोरांना घेऊन पिंप आतून धुतलं, उलटं करून वाळवलं, तोंडातून टॉर्च मारून आत डोकं घालून बघितलं. तळ पांढरा दिसत होता. "ठीक आहे जी," म्हणाले आणि हातगाडीवर चढवून दिलं.

हळद दुपारची होती. मावशींच्या चाळीमागच्या मोकळ्या जागेत लाल-गुलाबी कापडाचा मांडव घातला होता, एका कडेला आचारी, दुसऱ्या कडेला डीजे. कोसाडहून टेम्पो भरून बायका आल्या. आमच्याकडे आधी नवऱ्या मुलाला हळद लागते आणि त्यातली उरलेली, उष्टी हळद, मुलीला आणतात. ती घेऊन स्वतः मुलाची आई आली होती, उंचीपुरी, पदर खोचलेली, टेम्पोतून उतरल्यापासून तिघींना कामाला लावलेली. हळद वाटेत घट्ट झाली होती. कुणीतरी पाणी घालून ती सैल केली आणि डीजेच्या दणदणाटात बायका मुलीच्या हातापायांना लावू लागल्या. मीही बोटभर लावली; लावून झालं की जी ती हात पुसत होती. त्या मांडवाखाली सगळ्यांचेच चेहरे लाल दिसत होते, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

मग फोटोवाल्याने मुलीला उन्हाच्या बाजूला सरकवलं आणि विचारलं, "ये हल्दी है ना? लाल क्यूं है?"

डीजे बंद झाला. मुलीचे हात कोपरापर्यंत विटेसारखे तांबडे होते. परातीतली हळदही तशीच. मुलाच्या आईने परातीत बघितलं, मग मावशींकडे बघितलं. "आमनी हळद पिवळी व्हती," ती म्हणाली. "तुमना दारमा ईसन लाल कशी व्हयनी?"

त्यांच्यातली एक म्हातारी काही तरी पुटपुटली. करणी हा शब्द एकदा उच्चारला की तो कुणी उच्चारला हे नंतर सापडत नाही. मुलाचा मामा टेम्पोकडे निघाला. मावशी खांबाला धरून उभ्या होत्या.

तेव्हा मुलीचे चुलते पुढे आले. गावच्या सभेत बोलायची सवय असलेला माणूस. हात जोडून म्हणाले, "अहो, हळदीपासूनच तर कुंकू करतात. कुंकवाने स्वतः चालत यावं, याच्यापरता शकुन कोणता? पोरीचं कुंकू बळकट आहे!" बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने हात जोडले. म्हातारी म्हणाली, हो, हे खरं, आमच्या आजीच्या वेळी असं झालं होतं. मामा टेम्पोपासून परत आला. मुलाच्या आईचाही चेहरा सैल पडला. मला चुलत्यांच्या पाया पडावंसं वाटलं. डीजेवाल्याने बटणावर बोट ठेवलं.

नेमके त्याच वेळी सर आले. खांद्याला पिशवी, हातात आहेराचं पाकीट. त्यांनी मुलीचे हात बघितले, परात बघितली, आणि कुणाला नमस्कारही न करता थेट पिंपाकडे गेले. तिथे आचारी वरणाच्या पातेल्यात ओतायला पिंपातून बादली भरून घेत होता. भांड्यांचं पाणी आणि स्वयंपाकाचं पाणी हा फरक मावशींनी सांगितला असेल, पण लग्नघरात जे पाणी जवळ ते हाती लागतं. सरांनी बादलीत बोटं बुडवली, एकमेकांवर घासली आणि बादली आचाऱ्याच्या हातातून काढून घेतली.

"हे कुणी प्यायलं का जी?" त्यांनी विचारलं.

कुणी प्यायलं नव्हतं. पिण्याचं जारचं पाणी वेगळं आलं होतं.

मी त्यांच्याकडे जवळजवळ धावतच गेले. "सर, मिटलंय सगळं. शुभ ठरलंय. बादली गुपचूप ओतून द्या आणि जेवायला बसा."

"कशावरून जी शुभ?" सर म्हणाले. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही.

त्यांनी आचाऱ्याकडून दोन बशा आणि चिमूटभर हळद मागून घेतली. एका बशीत जारचं पाणी घातलं, हळद पिवळी राहिली. दुसऱ्या बशीत पिंपाचं घातलं, हळद तांबडी झाली. मांडवातले सगळे एव्हाना भोवती जमले होते, आणि सर वर्गात उभे असल्यासारखे बशी सगळ्यांना फिरून दाखवत होते. मग त्यांनी लिंबाची फोड मुलाच्या आईपुढे धरली. "तुम्हीच पिळा जी. मी पिळलं तर म्हणाल हातचलाखी."

तिने पिळलं. तांबडी हळद तिच्या डोळ्यांदेखत परत पिवळी झाली.

तिने बशी स्वतःच्या हातात घेतली. "मंग पानीमा शे काय?" तिने विचारलं.

"कॉस्टिक सोडा. मिलमध्ये कापडाला वापरतात. पाण्यात दिसत नाही. पिंपाचा तळ पांढरा दिसला तो त्याच्याच थराने असणार. करणी नाही, आणि शकुनही नाही जी."

"डरम कोना शे?"

चुलते आभाळाकडे बघत होते. मावशींनी सरांकडे बघितलं, आणि त्या बघण्यात 'बोलू नका' असंही होतं आणि 'बोला' असंही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की पिंप भांडी घासायला म्हणून दिलं होतं, स्वयंपाकाला नाही, यात सरांचा दोष अर्धासुद्धा नाही. सर हे सहज म्हणू शकले असते.

"माझा," सर म्हणाले. "मीच धुतला. नीट धुतला गेला नाही. नुसता बघितला, तपासला नाही."

मग जे व्हायचं ते झालं. मामाचा आवाज चढला. आमच्या लोकांना सोडा पाजायला निघाले होते, असल्या घरात सोयरीक नको, चला गाडीत बसा. टेम्पो सुरू झाला. मावशी खाली बसल्या, मातीतच. चुलते सरांना म्हणाले, "मास्तर, सावरलेलं लग्न मोडलंत तुम्ही." सगळे एकदम बोलत होते, आणि कोण कुणाला बोलतंय ते कळत नव्हतं.

सर त्या गर्दीतून वाट काढत मुलीपाशी गेले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"हाताची आग होते का जी?" त्यांनी विचारलं.

ती पाटावर तशीच बसून होती. एवढा वेळ आम्ही हळदीबद्दल बोललो, कुंकवाबद्दल बोललो, पिंपाबद्दल बोललो. ही पोर माझ्या वर्गात होती तेव्हा तिला गप्प बसवता बसवता माझा घसा बसायचा. आणि आता तिच्याकडे कुणी वळूनही बघितलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

"हो सर," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"लावली तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाही?"

तिने होणाऱ्या सासूकडे बघितलं आणि मान खाली घातली. मुलाच्या आईने पुढे होऊन तिचं मनगट धरलं, उन्हात ओढलं, पदराने हळद पुसली. खालची कातडी हळदीपेक्षा लाल होती. कुणीतरी लगबगीने लिंबाची फोड आणली, आत्ताच बघितलं होतं ना सगळ्यांनी. तेव्हा सर ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांना ओरडताना ऐकलं ते तेवढंच. "लिंबू नको! अंगावर लिंबू नको! नुसतं पाणी, भरपूर पाणी!"

"गाडी बंद कर," मुलाची आई टेम्पोकडे न बघता म्हणाली. "कोनी कोठे जात नही."

टेम्पो बंद झाला. सरांनी पाण्याचा जार खांद्यावर उचलला आणि धार धरली. त्या बाईने मुलीचे हात त्या धारेखाली घेतले आणि धुवायला लागली, कोपरापासून बोटांपर्यंत, परत कोपरापासून. एक जार संपला, दुसरा आणला. मावशी मातीतून उठून जवळ येऊन उभ्या राहिल्या, पण मुलीचे हात त्यांच्याकडे कुणी दिले नाहीत. धुता धुता ती बाई म्हणाली, "दुखस ते सांगत जाय, पोरी. आमना घरमा बोलाले कोनी अडावत नही."

मुलीने धारेखाली मनगट फिरवून बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "बांगड्यांच्या खाली अजून आग होते."

हिरवा चुडा आदल्या दिवशीच भरला होता. मनगटं सुजून तो घट्ट बसला होता आणि पाणी खाली जात नव्हतं. हळदीला बसलेल्या नवरीच्या हातातला चुडा काढत नाहीत, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. म्हातारीने तोंडाला पदर लावला. मावशी, विधवा बाई, दोन पावलं मागे सरकल्या.

मुलाच्या आईने एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग ती खाली बसली, मुलीचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि ओल्या बोटांनी पहिली बांगडी हलकेच उतरवायला लागली. सर वरून धार धरून उभे होते.